हिरव्या दोऱ्याच्या कुंड्या

भाद्रपदातल्या सकाळी बाजरीत शिरलं की पहिल्या दहा पावलांतच लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं होतं. आदल्या दिवशी पाऊस पडलेला असतोच असं नाही. हे दहिवर असतं. रात्रभर ते पानावर उतरतं, मधल्या शिरेवरून घरंगळतं आणि पोंग्यात जाऊन बसतं. ऊन वर आलं की सगळ्या वावराला एक कच्चा, हिरवा, किंचित गोड वास सुटतो. फुलोऱ्यातल्या कणसाला खांदा लागला तर पिवळी भुकटी उडते आणि ओल्या चोळीला चिकटते. झटकून ती जात नाही.

पुतण्याने आता बाजरी वीस गुंठ्यांपुरती ठेवली आहे, घरच्या भाकरीसाठी. बाकी सगळा कांदा. बाजरीचं बीही पाकिटातून येतं, गुलाबी औषध चोळलेलं, आणि रोग फारसा दिसत नाही. तरी आज सकाळी बांधाच्या कडेला एक रोप दिसलं. पान पिवळसर पांढरं. उलटं करून पाहिलं तर खालच्या अंगाला बारीक पिठासारखी बुरशी. माझा हात उपटायला पुढे गेला आणि मध्येच थांबला. गेली कित्येक वर्षं तो असाच थांबतो. बाजरी पेरणाऱ्या दुसऱ्या कुठल्या बाईचा थांबत असेल असं वाटत नाही. सूनबाई मागून म्हणाली, "आत्या, काय बघताय एवढं? उपटा की." मग उपटलं.

या रोगाला आम्ही गोसावी म्हणतो. रोप लहान असताना नुसतं पान पिवळं पडतं. पुढे कणीस बाहेर आलं की दाण्यांच्या जागी बारीक बारीक पानं फुटतात, जटा वाढल्यासारखी. ताट हिरवंगार राहतं, शेजारच्या ताटांना दाणे भरतात, आणि हे आपलं पानांचं झुबकं डोक्यावर घेऊन उभं. माझी वहिनी, म्हणजे भावाची बायको, एकदा गोसावी उपटताना म्हणाली होती, "दाना न्हाई धरायचा तर वावरात ऱ्हाऊन करायचं काय?" ती बाजरीबद्दलच बोलत होती. मी तिच्या मागे दोन हातांवर होते. मला मूल झालेलं नव्हतं.

आईची रीत अशी होती की गोसावी उपटताना बोलायचं नाही. उपटला की तो पदराखाली झाकून घ्यायचा, वावरातून उघडा न्यायचा नाही. बांधापलीकडे खड्ड्यात टाकायचा, वर पायाने माती लोटायची. मागं वळून बघायचं नाही. आणि त्याची जागा त्याच दिवशी भरायची. दाट उगवलेल्या ठिकाणचं एक निरोगी रोप मातीसकट उचलायचं आणि मोकळ्या जागी लावायचं. याला नांगं भरणं म्हणतात. मोकळी जागा दिसू देणं हे आळशी बाईचं लक्षण, असं आई म्हणायची. आईने मला फार गोष्टी शिकवल्या नाहीत, लवकर गेली. ही शिकवली. ती हातात इतकी मुरली की डोक्याला विचारायची वेळच येत नसे.

मी सांगते आहे ती दुष्काळ सरला त्या सालची गोष्ट. दुष्काळात आम्ही सगळ्या रस्त्याच्या कामावर खडी फोडत होतो. त्या कामावर मी कुणाशी बोलत नसे, पण एकटं वाटायचं नाही. शेकडो हातोड्यांच्या आवाजात कुणालाच कुणाचं ऐकू येत नाही, सगळेच गप्प असतात. मग पाऊस आला. खडी थांबली आणि जो तो आपापल्या वावराकडे गेला. तेव्हा मला कळलं की मला जायला वावर नाही. माझं लग्न सुप्याकडे झालं होतं. सात वर्षं मूल झालं नाही, तेव्हा त्यांनी दुसरी केली आणि मला भावाकडे पाठवलं. भांडण झालं नाही. एसटीच्या टपावर माझी पेटी त्यांनी स्वतः चढवली आणि दोरी नीट आवळली की नाही तेही दोनदा पाहिलं. भावाने मला पडवीत जागा दिली. एका बाजूला कडबा, दुसऱ्या बाजूला मी. पडवीला तीन भिंती होत्या. चौथ्या बाजूला गोणपाट.

गावापासून कोसभर, नगरच्या रस्त्याला, बाजरीचं सरकारी फारम होतं. तिथे मी खुरपणीला जायला लागले. आमच्या ओळीत ठकूबाई होती, जामखेडच्या बाजूची. दुष्काळात खडी फोडायला आली आणि इथेच राहिली. तिचं तोंड खुरप्याच्या पुढे चालायचं. श्रावणातल्या एका दुपारी फारमावरच्या नव्या ताई छत्री घेऊन आमच्या ओळीजवळ आल्या. पांढरी साडी, तिचा काठ चिखलाने भरलेला. अकोल्याहून शिकायला आल्या होत्या. बाजरीच्या गोसावीवर अभ्यास करून त्यांना मोठी परीक्षा द्यायची होती. वय तेवीस-चोवीस असेल, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान. त्यांनी विचारलं, "तुमच्यापैकी कोणाचा हात हलत नाही?"

ठकूबाई म्हणाली, "हात हालत न्हाई? मंग मेल्यालीच बाई पायजे की तुमाला!"

सगळ्या हसल्या. ताईंचे कान लाल झाले. त्या म्हणाल्या, "तसं नाही हो. बारीक कापायचं आहे. माझा हात कापून राहिला, आणि मग बोटच कापते."

"मंग ह्या अनशीला न्या," ठकूबाईने मला कोपराने ढोसलं. "ही हालत बी न्हाई आन बोलत बी न्हाई. नेली तरी कळायचं न्हाई कुनाला."

अशी मी जाळीघरात गेले. ते एक लांब छपर होतं, चारी बाजूंनी बारीक जाळी लावलेलं. आत साठ कुंड्या, प्रत्येकीत बाजरीची तीन रोपं. वीस कुंड्यांच्या गळ्याला पांढरा दोरा, वीसांना लाल, वीसांना हिरवा. कोपऱ्यात एका लाकडी खोक्यात प्रत्येक रंगाची थोडी जादा रोपं, एखादं मोडलंच तर हाताशी असावं म्हणून. माझं काम दोन बटाट्याच्या फोडींमध्ये रोपाची दांडी धरून दाढीच्या पात्याने तिचे काप काढायचं. काप इतके पातळ हवेत की पाण्यात टाकले तर दिसू नयेत. मी गोधडीला दोरा घालत आलेली. मला ते जमलं. पहिल्या दिवशी ताईंनी वाटीतल्या पाण्यात बघितलं आणि म्हणाल्या, "अनसूयाबाई, हे कुठं शिकल्या तुम्ही?" मला त्या गावात अनसूयाबाई कुणी म्हटलेलं नव्हतं. मी पुढची दांडी फोडींमध्ये धरली.

चार दिवसांनी त्यांनी मला बारीक बघायच्या दुर्बिणीत बघायला लावलं. आधी नुसता काळोख दिसला, मग माझ्याच पापण्या. मग एकदम उजेड झाला, आणि डोंगरावरून खाली वाफे दिसावेत तसं दिसलं. वाफ्याला वाफा लागलेला, मध्ये लाल रंगाचे बांध. मी ते बोलूनही दाखवलं. रंग ताईंनी घातला होता, बांध उठून दिसावेत म्हणून.

"ही एकेक पेशी," ताई म्हणाल्या. "आणि तुम्ही बांध म्हणून राहिल्या ना, ती तिची भिंत."

त्यांनी समजावलं ते मला अजून आठवतं, कारण असं समोर बसवून मला कुणी काही समजावलं त्याला चौथीनंतर बरीच वर्षं झाली होती. झाडाच्या अंगातच वाढीचे रस तयार होतात. त्यांना त्या संजीवक म्हणायच्या. एक संजीवक पेशीची भिंत सैल करतं. भिंत सैल झाली की पेशी ताणली जाते आणि झाड वाढतं. भिंत कायमची घट्ट राहिली तर वाढ नाही. पण बुरशीलाही त्याच भिंतीतून आत शिरायचं असतं. आत शिरली की ती झाडाचे हे रसच बिघडवते, म्हणून कणसाला दाण्यांऐवजी पानं फुटतात. लाल दोऱ्याच्या कुंड्यांना ताई वाढीचं औषध फवारायच्या. ती रोपं हातभर पुढे गेली होती, फिकट आणि लवलवीत. हिरव्या दोऱ्याच्या कुंड्यांना त्या संजीवकाला आवर घालणारं औषध. ती बुटकी, काळपट हिरवी, दांडी करंगळीएवढी जाड. पांढऱ्यांना नुसतं पाणी. दुर्बिणीत लाल दोऱ्याचे वाफे लांबट दिसायचे आणि बांध रेघेसारखे. हिरव्याचे वाफे लहान, बांध रुंद. जाड भिंतीच्या रोपांना गोसावी कमी लागतो का, एवढंच ताईंना बघायचं होतं.

मी म्हणाले, "म्हंजी लई लवकर वाढलं की पोकळ ऱ्हातं."

ताई मोठ्याने हसल्या. "अहो, हेच मी चाळीस पानांत लिहून राहिले!"

रोगही आम्हीच दिला. फारमावरच्या गोसावी पडलेल्या पानांवर पहाटे जी पांढरी बुरशी धरते, ती गार पाण्यात धुवायची आणि ते पाणी सगळ्या कुंड्यांवर सारखं फवारायचं. मी भांडं धरत होते. आईची आठवण येऊन माझं तोंड आपोआप मिटलं होतं. ताईंनी कारण विचारलं. मी तोडकंमोडकं सांगितलं, गोसावीजवळ बोलायचं नाही, पदराखाली झाकून न्यायचा. मला वाटलं त्या हसतील. त्या म्हणाल्या, "बुरशीचं बी हवेत उडतं हे तुमच्या आईला माहीत होतं तर." आईबद्दल कुणी इतकं चांगलं बोललेलं मी ऐकलं नव्हतं. घरी जाऊन कुणाला सांगावं असं वाटलं. पडवीत बसले आणि लक्षात आलं, सांगायला कुणी नाही.

ताईही एकट्याच होत्या. फारमावर शिकायला आलेली सगळी पुरुष मंडळी. ती जेवायला एकत्र बसायची आणि ताई आल्या की त्यांचं बोलणं थांबायचं. मग ताई डबा घेऊन जाळीघरात यायच्या. मी बांधावर जाऊन खात असे, तिथून त्यांनी मला आत बोलावलं. बाजरीची भाकरी त्यांना आधी घशाखाली उतरत नव्हती, ज्वारीच्या सवयीची माणसं. नंतर माझ्या फडक्यातली अर्धी त्या न विचारता घ्यायला लागल्या. एकदा म्हणाल्या, "बाबांनी दिवाळीपर्यंतच मुदत दिली आहे. मुलगा बघून ठेवला. तोवर माझं लिहून झालं तर झालं, नाही तर पुरे म्हणतात शिक्षण." मी विचारलं, "आन झालं तर?" त्या म्हणाल्या, "झालं तर त्यांना सांगता येईल, आणखी शिकू द्या म्हणून. हातात काहीतरी असलं की बोलता येतं." मी मान हलवली. माझ्या हातात कधी काही नव्हतं, म्हणून मला ते कळलं.

त्या महिन्यात मी बदलले असेन. वहिनी म्हणाली, "वन्सं, आताशा गुणगुनायला लागला व्हय तुमी?" मला ते माहीतही नव्हतं. कुणी नीट बोलतं तेव्हा माणसाची भिंत थोडी सैल होते. त्याशिवाय वाढ नाही हे ताईंनी दाखवलंच होतं. दुसरी गोष्टही त्यांनीच दाखवली होती, की बाकीचं जे काही आत यायचं ते तिथूनच येतं. पण दुर्बिणीतलं कुणी स्वतःला लावून बघत नाही.

गौरींसाठी ताई आठ दिवस अकोल्याला गेल्या. जाताना म्हणाल्या, "पाणी तेवढं घालत राहा. आल्यावर मी मोजते."

पाचव्या दिवशी सकाळी मी जाळीघरात गेले. दाराजवळच हिरव्या दोऱ्याची ओळ होती. पहिल्याच कुंडीत एक पान पिवळं. उलटं केलं. खाली पांढरं पीठ. रोग आम्हीच दिला होता हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण देणं वेगळं आणि आपण पाणी घातलेल्या रोपावर तो डोळ्यांदेखत बसलेला बघणं वेगळं. माझं तोंड मिटलं, हात पुढे गेला. रोप उपटून पदराखाली घेतलं. पुढच्या कुंडीत अजून एक. पुढे दोन. ओळीच्या टोकापर्यंत तसंच करत गेले. मी ते बांधापलीकडे नेऊन पुरले, परत आले, खोक्यातली हिरव्या दोऱ्याची जादा रोपं मातीसकट काढली आणि नांगं भरलं. अंगठ्याने माती दाबली, ओंजळीने पाणी दिलं. ती ओळ इतकी साफ दिसत होती! माझ्या मनात एवढंच होतं की ताई येतील आणि त्यांना बरं वाटेल. उरलेल्या दोन ओळी दुसऱ्या दिवशी करायच्या ठरवल्या. दुसऱ्या दिवशी मुकादमाने सगळ्यांना भुईमुगाच्या खुरपणीला पाठवलं. ते काम संपायच्या आत ताई आल्या.

त्यांनी पिशवीही खाली ठेवली नाही, आधी मोजलं. प्रत्येक रंगाची साठ रोपं. लाल दोऱ्यात चौतीस गोसावी. पांढऱ्यात तेवीस. मग हिरव्यापाशी आल्या. मोजलं, पुन्हा मोजलं. माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या, "चार! अनसूयाबाई, साठात चार!"

त्यांच्या हातांतून ती खुशी माझ्या हातांत आली आणि त्याच वेळी मला कळलं. मी केलेलं सगळं एकदम समोर उभं राहिलं. हे चार मी ओळ साफ केल्यावर नव्याने धरलेले होते. तोंड उघडलं. आवाज आला नाही. माझ्या बाबतीत हे नवीन नव्हतं. सुप्याला एसटी सुटताना बोलायचं होतं तेव्हाही आला नव्हता.

संध्याकाळी मोठे साहेब आले. ताईंचा अभ्यास त्यांच्या हाताखाली चालायचा. त्यांनी वही पाहिली, कुंड्या पाहिल्या. म्हणाले, "उत्तम. पुढच्या खरिपाला चार गावांत देऊन बघू हे औषध. या गावापासूनच सुरुवात करू." मुकादम मागे उभा होता. तो म्हणाला, "आमच्या अनशीनं जीव लावून सांबाळल्यात कुंड्या, सायेब." ही बातमी माझ्याआधी घरी पोचली. भाऊ हात धुता धुता म्हणाला, "सरकारी औषध येनार म्हनं गोसावीवर. मंग पुढच्या साली चारी एकर हायब्रीडच टाकतो. गावरान बी मोडून खाऊ." त्याची त्या सालची निम्मी हायब्रीड गोसावीने गेली होती, आणि मागची दोन वर्षं दुष्काळाने. तो हसत होता. भावाला हसताना मी बऱ्याच दिवसांनी पाहिलं. मी बोलले तर ताईंचं वर्ष जाणार होतं. नाही बोलले तर भावाचं.

तीन दिवस मी काप काढले आणि प्रत्येक काप जाड आला. चौथ्या दिवशी पाणी प्यायला विहिरीवर गेले तेव्हा ठकूबाई एकटी होती.

"ठकूबाय, येक इचारू?"

"इच्यार की. तू इचारतीस म्हंजी आज आभाळच फाटलं."

मी सांगितलं. तिने कळशी खाली ठेवली. मग म्हणाली, "गप ऱ्हा. त्या पोरीचं बी भलं हुईल आन तुजं बी. सावलीतलं काम हाय. आन बाजरी काय तुज्या वावरात पेरायचीय व्हय? तुजं वावर हाय कुटं?"

ती वाईट बोलली नाही. खरं तेच बोलली. त्या गावात माझं असं काहीच नव्हतं. होत्या त्या जाळीघरातल्या दुपारी, आणि अर्धी भाकरी घेणारं एक माणूस. बोलले की तेही जाणार होतं. मी कळशी उचलून तिच्या डोक्यावर दिली. तिथेच माझं ठरलं असावं, कारण परत येताना मी वाटेवरचे खडे गोळा केले. मोजून अकरा.

ताई दुर्बिणीत बघत होत्या. मी हिरव्या ओळीतल्या एकेका कुंडीशी बसले आणि मी लावलेल्या रोपांच्या बुडाशी एकेक खडा ठेवत गेले. पाचव्या-सहाव्या खड्याला ताईंनी मान वर केली.

"हे काय करून राहिल्या?"

"ही माजी हायेत, ताई. तुमची न्हाईत."

"तुमची म्हणजे?"

"गोसावी दिसला. उपाटला. नांगं भरलं."

जाळीवर एक भुंगा आपटत होता, त्याचा आवाज मोठा वाटायला लागला. मी उरलेले खडे ठेवून झाल्यावर ताई उठून आल्या. खडे मोजले.

"अकरा?"

"अकरा."

"नक्की?"

"आपुन लावल्यालं रोप वळखू येतं, ताई."

त्या स्टुलावर बसल्या. मग म्हणाल्या, "मी तुम्हाला फक्त पाणी घाला म्हटलं होतं." एवढंच. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. आमच्याकडे माणसं ओरडतात, मग निवळतात. ताई डबा न उघडता निघून गेल्या. मी सुटीपर्यंत तिथेच बसून होते, आणि नंतर घरी जाताना रस्त्याने रडू आलं नाही, नुसती चालत राहिले.

पुढचं सांगून टाकते. मला परत खुरपणीच्या ओळीत घातलं. दिवाळीला ताई अकोल्याला गेल्या त्या परत आल्या नाहीत. लग्न झालं असं मुकादमाने कुठून तरी ऐकलं. त्यांचं लिहून पुरं झालं का, त्यांना पुढे शिकता आलं का, हे मला कधी कळलं नाही. पत्र त्यांनी घातलं नाही, मीही नाही. पत्ता माहीत नव्हता हे खरं, पण माहीत असता तरी काय लिहिलं असतं. ते औषध आमच्या गावात आलं नाही. भावाने दुसऱ्या साली निम्म्यात गावरान पेरली आणि निम्म्यात हायब्रीड. त्याला यातलं काही माहीत नव्हतं आणि मी सांगितलं नाही. जाळीघरावरून जाताना आत कुणी दुसरंच बसलेलं दिसायचं. मी नजर पुढे ठेवायची.

आता या घरात मला त्रास असा काही नाही. सूनबाई वेळेवर ताट आणून देते, पुतण्या औषधं आणतो. संध्याकाळी टीव्ही चालू असतो आणि मी भिंतीला टेकून बसते. कुणी विचारलं तर बोलते. कधी वाटतं, त्या एका पावसाळ्यात मी जेवढी बोलले तेवढी पुढच्या सगळ्या वर्षांत मिळून बोलले नसेन. ते बोलणं फुकट गेलं का, असंही मनात येतं. मग ताई जायच्या आधीचा एक दिवस आठवतो.

मी खडे ठेवले त्याला तीन दिवस झाले होते. मुकादम खुरपणीच्या ओळीवर आला आणि म्हणाला, "अनशे, चल. सायबांनी बलिवलंय." बायका माझ्याकडे बघायला लागल्या. ठकूबाई हळूच म्हणाली, "तरी सांगत हुते." मी लुगड्याला हात पुसत गेले. जाळीघरात साहेब उभे होते आणि ताई टेबलाशी. ताईंनी माझ्याकडे पाहिलं नाही.

साहेब त्यांना सांगत होते, "मजूर बाईच्या बोलण्यावर आकडा बदलायचा? आज अकरा म्हणते, उद्या वीस म्हणेल. तुम्ही मोजले तेव्हा चार होते, चार लिहा. नाही तर ती ओळच खोडा."

ताई म्हणाल्या, "सर, मी मोजलं तेव्हा उशीर झाला होता. त्याआधी यांनी मोजलं आहे."

"ह्यांनी?" साहेब माझ्याकडे वळले. "काय गं, खरं सांग. किती उपटलीस?"

परक्या पुरुषासमोर मी कधी बोलले नव्हते. पायाखाली जाळीची सावली पडली होती, तिचे चौकोन मी बघत राहिले. मग मलाच माझा आवाज ऐकू आला, आणि तो हळू नव्हता.

"अकरा. पहिल्या कुंडीत येक, दुसरीत येक, तिसरीत दोन. पाचवीत येक..." मी सगळ्या सांगितल्या. एकही चुकले नाही. प्रत्येक कुंडीशी ताई मान हलवत गेल्या. खडे त्यांनी काढले नव्हते.

साहेबांनी वाकून खडे पाहिले. मग म्हणाले, "पंधरा लिहिलेत तर नुसत्या पाण्याचे तेवीस आणि औषधाचे पंधरा. यात सांगण्यासारखं फार उरत नाही, कळतं ना तुम्हाला?"

"कळतं, सर."

"मग बघा बुवा. तुमचा अभ्यास आहे." आणि ते गेले.

ताईंनी वही ओढली. चारावर एक रेघ मारली, खोडलेलं वाचता येईल अशी, आणि शेजारी पंधरा लिहिलं. त्याखाली बारीक अक्षरात दोन ओळी लिहिल्या. मला वाचता येतं हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून वही माझ्याकडे फिरवली. अकरा रोपं रोग दिसल्यावर काढली गेली, असं लिहिलं होतं, आणि पुढे, काढणाऱ्या बाईंनी स्वतः सांगितलं. ताईंचे डोळे सुजलेले होते. अजून राग गेला नव्हता, तो चेहऱ्यावर दिसत होता. तरी त्यांनी पेनाचं टोपण काढून पेन माझ्या हातात दिलं.

"इथं तुमचं नाव लिहा. पूर्ण."

हजेरीपटावर माझं नाव मुकादम लिहायचा, पुढे सुप्याच्या नवऱ्याचं नाव लावून. मी नुसती समोर सही करायची. त्या दिवशी मी पेन धरलं आणि अनसूया लिहिलं. चौथीतल्यासारखं, एकेक अक्षर. पुढे सुप्याचं नाव यायला हवं होतं. त्यांनी मला पेटीसकट एसटीत बसवून दिलं होतं. वडिलांचं नाव लग्नातच पुसलं गेलं होतं. पेन कागदावर तसंच टेकून राहिलं आणि शाईचा ठिपका मोठा व्हायला लागला.

"पुढे?" ताईंनी विचारलं.

"एवढंच," मी म्हणाले.

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. मग पेन माझ्या हातून घेतलं आणि शाई वाळेपर्यंत वही तशीच उघडी धरून उभ्या राहिल्या.